रानगव्यांची शाळा

आर्लिस बुर शाळामंडळावर निवडून आली तेव्हा ती घरी भोपळा सोलत बसली होती. आपण निवडणुकीला उभ्या आहोत हे तिला ठाऊक नव्हतं, कारण ती उभी राहिलीच नव्हती. टिल्सनमध्ये त्या साली मंडळाची एक जागा रिकामी झाली आणि तिच्यासाठी गावातल्या एकाही माणसाने अर्ज भरला नाही. मतपत्रिकेवर नावाच्या जागी नुसती रेघ होती. अशा रेघेवर ज्याला जे सुचेल ते नाव त्याने हाताने लिहायचं असतं. काहींनी नवऱ्याचं लिहिलं, एकाने आपल्या कुत्र्याचं लिहिलं आणि अकरा जणांनी आर्लिसचं. तेवढ्यावर बाई निवडून आली. सहकारी धान्यकोठारातल्या कारकुनाने फोन करून अभिनंदन केलं तेव्हा तिला वाटलं, हा मेला सकाळी सकाळीच थट्टा करतोय.

लोकांना तिचंच नाव का सुचलं, त्याला कारण होतं. एकोणतीस वर्षं तिने त्या शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं. गुरुवारी चिली नावाची घेवडा-खिम्याची तिखट आमटी आणि दालचिनीचा रोल असायचा, आणि त्या दिवशी आजारी पोरंसुद्धा शाळेत यायची. कुठलं पोर घरून उपाशी येतं, कुणाच्या बापाची नोकरी गेली, हे तिला ताटात पडलेल्या किंवा न पडलेल्या खरकट्यावरून कळायचं. शिक्षकांना कळायला तीन महिने लागत. पण शाळा चालवणं आणि स्वयंपाकघर चालवणं यात फरक असतो असं ती मानायची. म्हणून "नको बाई, दुसऱ्या कुणाला तरी बसवा" असं कळवायला ती निघालीच होती.

त्याच आठवड्यात मकेनाचं ते प्रकरण झालं. मकेना म्हणजे तिची नात, तिच्या ट्रॉयची मुलगी, वय आठ, इयत्ता तिसरी. सून मुलीला टाकून ओमाहाला निघून गेल्यापासून बापलेक आर्लिसकडेच राहत. मकेना ओट्यापाशी बसून एका शिंगराची गोष्ट मोठ्याने वाचत होती. कुठे अडखळणं नाही, चाचपडणं नाही. आर्लिस पॅनकेक उलटता उलटता कौतुकाने ऐकत होती. मग तिच्या लक्षात आलं की पुस्तकाची दोन पानं पाकाने एकमेकांना चिकटली आहेत आणि पोरीने ती एकदमच उलटली आहेत. तरी गोष्ट मध्ये कुठेच तुटली नव्हती. समोरच्या पानावर शिंगरू नदीत पोहत होतं आणि मकेना मात्र त्याला अजून तबेल्यात गाजर खाऊ घालत होती. सगळी गोष्ट तोंडपाठ. एक अक्षर वाचता येत नव्हतं पोरीला.

हे आर्लिसने आधी एकदा पाहिलं होतं, आणि फार उशिरा पाहिलं होतं. मकेना दोन महिन्यांची असताना ट्रॉय औषधाची बाटली घेऊन आला आणि किती चमचे द्यायचे म्हणून विचारू लागला. बाटलीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. "लिहिलंय की रे त्याच्यावर," ती म्हणाली. तो बाटली नुसती उलटसुलट करत राहिला. तेव्हा तिला कळलं. हा सत्तावीस वर्षांचा बाप्या, टिल्सनच्या शाळेत तेरा वर्षं शिकलेला, गाऊन आणि टोपी घालून प्रमाणपत्र घेतलेला. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू काखेत धरून एका मोसमात सर्वांत जास्त धावण्याचा त्याचा विक्रम बास्केटबॉलच्या हॉलमधल्या फळ्यावर अजून आहे. शुक्रवारी सामना असायचा आणि नापास मुलाला मैदानात उतरता येत नसे, म्हणून दर गुरुवारी कुणी ना कुणी शिक्षक त्याला पास करून टाकी. आपल्या हाताने त्याच्या ताटात दालचिनीचे रोल वाढत होतो आणि आपल्याला पत्ता नव्हता, हे तिला आजही आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

तेव्हा ती शाळेत गेली, पण नकार द्यायला नाही. शपथ घेऊन खुर्चीवर बसली.

मंडळ पाच जणांचं. अध्यक्ष व्हर्लिन ओल्टमन. चोवीसशे एकर जमीन, आवाज ट्रॅक्टरसारखा, शाळेत आर्लिसच्याच वर्गात. डेनी हा व्हर्लिनच्या शेजारचा, आणि त्याचं मत व्हर्लिनला आधी ठाऊक असे, मग डेनीला. लोवेल बियाणं विकायचा. त्यामुळे ज्याची जमीन जास्त त्याचं त्याला पटे. चौथी जोलीन, गुरांची डॉक्टर, तरुण, फटकळ. आणि पाचवी ही. अधीक्षक म्हणून डॉक्टर फेनस्टर नावाचे एक गृहस्थ होते. ते तीन गावांच्या शाळांनी वाटून घेतलेले. टिल्सनच्या वाट्याला सोमवार आणि मंगळवार येत. बुधवारी शाळेला आग लागली असती तर ती दुसऱ्या गावाच्या अधीक्षकाला विचारून विझवावी लागली असती.

पहिल्याच सभेत आर्लिसने विचारलं की वाचन शिकवणारी बाई कुठे गेली. मिस हॅलवर्सन नावाची एक बाई पूर्वी फक्त तेवढंच करायची. मागे पडलेल्या चारपाच पोरांना घेऊन कोपऱ्यात बसायची. फेनस्टर म्हणाले, ती दोन वर्षांपूर्वी काढली. सरकार डोक्यामागे पैसे देतं, डोकी कमी झाली. आधी गावात चारशे पोरं होती, आता दोनशे बारा. काही पोरं तर चौदा मैलांवरच्या मॅकरीच्या शाळेत जाऊ लागली होती आणि पोर गेलं की त्याचे पैसे त्याच्या दप्तराबरोबर जात. जमिनीवरचा कर थोडा वाढवला तर बाई परत आणता आली असती. पण जमीन ज्यांची त्यांची पोरं कधीच मोठी होऊन गेली होती, आणि ज्यांची पोरं शाळेत होती त्यांना जमीन नव्हती. त्यामुळे तो विषय निघाला की व्हर्लिन घड्याळाकडे बघे.

याच सभेचा पुढचा विषय होता मैदानावरचा गुणफलक. विजेवर चालणारा, चित्रं दाखवणारा, एक लाख ऐंशी हजार डॉलरचा. तो पाच मिनिटांत मंजूर होत आला तेव्हा आर्लिसला वाटलं आपल्या ऐकण्यात काही चुकतंय. बाईला पैसे नाहीत आणि याला कुठून आले? फेनस्टरनी तिला लहान मुलीला समजवावं तसं समजवलं. इमारतीचे आणि सामानाचे पैसे वेगळ्या खात्यात येतात. कायद्याने ते पगाराला वापरता येत नाहीत. ते खातं तर तुडुंब आहे, खर्च करायला काही उरलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी वाहनतळसुद्धा दुसऱ्यांदा डांबरी करून झालाय.

"म्हणजे आपण किती झाले ते दाखवणारी पाटी घेऊ शकतो," आर्लिस म्हणाली, "पण ती वाचणारं पोर तयार करू शकत नाही."

"कायदा आहे, बाई," फेनस्टर म्हणाले.

कायदा होता हे खरं. त्या कायद्याचं दुःख कुणाला झालं नाही हेही खरं. ठराव चार विरुद्ध एक असा मंजूर झाला. जोलीनने नंतर आर्लिसची माफी मागितली, म्हणाली, लक्षच नव्हतं माझं. पुढे राज्याकडून निकालपत्र आलं. तिसरीच्या अठरा पोरांत वाचू शकणारी सात. ते गावाला समजावून सांगायला एक सभा ठेवली होती. सहा माणसं आली. त्यात एक सफाईवाला होता, तो दारं बंद करायला थांबलेला.

मग मॅकरीकडून प्रस्ताव आला. दोन्ही गावांनी शाळा एकत्र चालवाव्यात. लहान वर्ग टिल्सनमध्ये, मोठे मॅकरीत, बस दोन्हीकडून. मॅकरीत वाचनाच्या दोन बायका होत्या. त्यातली एक लहान वर्गांबरोबर इकडे येणार होती. हे वाचलं आणि आर्लिसला पहिल्यांदा वाटलं की आपण त्या खुर्चीवर बसलो ते बरं झालं. मकेनाला चौथीत जाईपर्यंत बाई मिळणार होती. एकत्र बसून बोलणी सुरू झाली. कुणाचा रसायनाचा मास्तर ठेवायचा, कुणाची बस किती वाजता, स्वयंपाक कुठे, हे सगळं तीन संध्याकाळींत आटोपलं. माणसं शहाणी आहेत असं वाटावं इतकं नीट आटोपलं.

राहिलं नाव.

टिल्सनच्या खेळाडूंना रानगवे म्हणत आणि त्यांचा रंग तांबडा-सोनेरी. मॅकरीचे गरुड, निळे-पांढरे. एकत्र झालेल्या शाळेचा संघ एकच होणार, तेव्हा त्याचं नाव काय? पोरांचंच मत घ्या, असं कुणीतरी म्हणालं आणि दोन्हीकडच्या पोरांनी मत देऊन ठरवलं, 'वादळ'. काळा-रुपेरी रंग. पोरांना काही वाटलं नाही. त्यांच्या आजोबांना वाटलं. आठवड्याभरात गावातल्या अंगणाअंगणात तांबड्या पाट्या उभ्या राहिल्या, 'एकदा गवा, कायमचा गवा'. साप्ताहिकात निकालपत्राबद्दल एक ओळ आली नव्हती, तिथे आता दोन-दोन पानं पत्रं येऊ लागली. एका बाईने लिहिलं की माझ्या नवऱ्याला तांबड्या-सोनेरी चादरीत पुरलंय, तो आता काळ्या-रुपेरी गावात कसा झोपेल? लोकांनी ते कापून फ्रिजवर चिकटवलं. वीट आला आर्लिसला.

फेब्रुवारीच्या पंचवीस तारखेला बास्केटबॉलच्या हॉलमध्ये जाहीर सुनावणी ठेवली. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, तरी तीनशे चाळीस माणसं आली. बऱ्याच जणांनी तांबडी जाकिटं घातली होती, चाळीस वर्षांपूर्वीची, पोटावर बटणं न लागणारी. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. वेळ मोजायला आर्लिसच्याच जुन्या स्वयंपाकघरातलं अंडी उकडण्याचं घड्याळ ठेवलं होतं. ते किणकिणलं की माणूस बसायचा, कधी रडत, कधी टाळ्या घेत. एकाहत्तर साली आपण मॅकरीला पाणी कसं पाजलं ते तिघांनी सांगितलं, आणि तिघांचे गुण वेगवेगळे होते. दोन तासांत 'वाचन' हा शब्द एकदाच आला. एका तरुण आईने काढला. तिचं घड्याळ किणकिणलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

शेवटी व्हर्लिनने अध्यक्षाच्या खुर्चीवरून ट्रॉयला हाक मारली. म्हणाला, आपल्या गावाचा सर्वांत जबर गवा इथे बसलाय, त्याचं नाव या फळ्यावर आहे, त्याच्या तोंडून ऐका. ट्रॉय मागच्या रांगेत होता. त्याला बोलायचं नव्हतं. पण लोकांनी पायांनी लाकडी पायऱ्या दणाणून सोडल्या, तेव्हा तो खाली आला. कुणीतरी त्याच्या हातात टाइप केलेला कागद दिला. त्याच्या नावाने निवेदन लिहून ठेवलेलं होतं, त्याने नुसतं वाचायचं. ट्रॉय माइकसमोर उभा राहिला. त्याने कागदाकडे पाहिलं, मग लोकांकडे, मग परत कागदाकडे. आर्लिस त्याच्यापासून दहा पावलांवर मंडळाच्या टेबलाशी बसली होती.  घड्याळ टिकटिक करत होतं.

"काय रे, चष्मा विसरलास वाटतं?" व्हर्लिन म्हणाला.

हॉल हसला. ट्रॉयही हसला. म्हणाला, "हो, चष्मा राहिला घरी." त्याने आयुष्यात कधी चष्मा लावला नव्हता. व्हर्लिनने उठून त्याच्या हातातला कागद घेतला आणि आपल्या ट्रॅक्टरी आवाजात वाचून दाखवला. 'या शाळेने मला जे दिलं ते मी कधी विसरणार नाही' असं त्यात होतं. लोक उभे राहिले, टाळ्यांचा पाऊस पडला, म्हाताऱ्यांनी ट्रॉयच्या पाठीवर थापा मारल्या. व्हर्लिनला ठाऊक होतं की नव्हतं, हे आर्लिसला आजतागायत कळलेलं नाही. पण ती स्वतः तिथे बसून होती. माइक तिच्याही पुढ्यात होता. माझ्या मुलाला वाचता येत नाही आणि तो याच शाळेत तेरा वर्षं होता, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. तिने पोराची लाज झाकली असं ती स्वतःला सांगते. झाकली कुणाची ते तिला ठाऊक आहे.

आता एक अर्जाची गोष्ट सांगायला हवी. ज्याला आपलं मूल दुसऱ्या गावाच्या शाळेत घालायचं असेल त्याने एक मार्चच्या आत आपल्या गावाच्या मंडळाकडे मंजुरीसाठी अर्ज द्यायचा असतो. त्यानंतर आला की वर्ष गेलं. आर्लिसने जानेवारीतच मकेनाचा अर्ज आणून भरून ठेवला होता. ट्रॉयने, तिने बोट ठेवलं तिथे, सही केली होती. पण तो अर्ज ती देईना. मंडळावर बसलेल्या बाईनेच आपली नात पळवली तर कराराला कोण मत देईल, असं तिचं म्हणणं. व्हर्लिनला आयतंच कोलीत मिळालं असतं. शिवाय लोवेलने तिला फोनवर शब्द दिला होता. म्हणाला होता, "आर्लिस, नावाचं काय घेऊन बसलेत हे लोक? मी 'हो'च म्हणणार." जोलीन, लोवेल आणि ती, तिघं झाली. करार होणार, बाई इकडेच येणार, मग पोरीला चौदा मैल कशाला धाडायचं? एक मार्च आली आणि गेली. अर्ज खणात राहिला.

मतदान मार्चच्या दुसऱ्या सोमवारी होतं. त्या दिवशी सकाळी साडेसहाला आर्लिस धान्यकोठारात पक्ष्यांचे दाणे आणायला गेली. तिथे कॉफीचं मशीन आहे आणि चार टेबलं. गावाचा कारभार तिथे चालतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मंडळाचे तीन सभासद एका जागी बसून शाळेबद्दल बोलले तर कायद्याने ती सभा होते. तिची आदल्या दिवशी नोटीस लावावी लागते, दारं उघडी ठेवावी लागतात. म्हणून ही मंडळी काय करत? व्हर्लिन आणि डेनी एका टेबलावर, आणि लोवेल शेजारच्या टेबलावर त्यांच्याकडे पाठ करून. व्हर्लिन भिंतीशी बोलावं तसं बोलत होता आणि लोवेल बियाण्यांच्या यादीत डोकं घालून मान हलवत होता. वसंतात किती पोती घेणार आहोत, हे व्हर्लिन त्याच दमात सांगत होता. कायदा कुठे मोडला नव्हता. आर्लिसला पाहून लोवेलने यादी आणखी जवळ धरली.

संध्याकाळी लोवेलनेच सर्वांत लांब भाषण केलं. टिल्सनचं एकही मूल मॅकरीच्या दारात जाता कामा नये, ते आपल्याच रंगात वाढलं पाहिजे, असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला. तीन विरुद्ध दोन. करार पडला. शेदीडशे लोक टाळ्या वाजवत उठले, मागे कुणीतरी गव्यासारखं हंबरलं, आणि मग सगळे जाकिटं चढवून आपापल्या गाड्यांकडे गेले. हॉलमध्ये दहाबारा माणसं राहिली, कारण विषयपत्रिका अजून संपली नव्हती.

उरले ते नेहमीचे विषय. बॉयलरची दुरुस्ती झाली. बसचे टायर झाले. फेनस्टरनी चष्मा पुसला आणि पुढच्या वर्षी बाहेरगावी जाऊ पाहणाऱ्या मुलांची यादी पुटपुटत वाचायला घेतली. चौदा नावं होती. सगळी मॅकरीला. आकडा ऐकून आर्लिसने मान वर केली, आणि तेवढ्यात अकरावं नाव आलं. अ‍ॅडिसन ओल्टमन, तिसरी.

ती व्हर्लिनच्या मुलाची मुलगी. मकेनाच्या बाकावर बसणारी.

"तारीख वाचा," आर्लिस म्हणाली.

फेनस्टर गडबडले. तारखा वाचायची पद्धत नाही म्हणाले.

"अर्जावर तारीख असते. वाचा."

"सहा फेब्रुवारी," ते म्हणाले.

सहा फेब्रुवारी. म्हणजे सुनावणीच्या एकोणीस दिवस आधी. म्हणजे तांबडं जाकीट घालून हा माणूस त्या हॉलमध्ये गर्जत होता, ट्रॉयच्या हातातला कागद घेत होता, तेव्हा त्याच्या नातीची जागा मॅकरीत धरून झालेली होती. आर्लिसला रागसुद्धा आला नाही. नासलेल्या दुधाचा वास नाकात जावा तसं तिने नुसतं तोंड फिरवलं.

व्हर्लिनचा आवाज पहिल्यांदाच माणसासारखा खाली आला. "तिला वाचायला जमत नाही, आर्लिस. तिच्या आईने अर्ज दिला. मी आजोबा आहे तिचा, मी काय करणार होतो?"

 नात्यातलं नाव म्हणून व्हर्लिनने आपण यात मत देणार नाही असं सांगितलं आणि खुर्ची मागे सरकवली. डेनीने मंजुरीचा ठराव मांडला. अनुमोदन हवं होतं. लोवेलने तासाभरापूर्वीच एकही मूल जाऊ देणार नाही अशी शपथ खाल्लेली, त्यामुळे तो टेबलाच्या कडेला खडूचा डाग खरवडत बसला. जोलीनने हाताची घडी घातली आणि सरळ सांगितलं की ही घाण मी माझ्या नावावर घेणार नाही, तुम्ही निस्तरा. अनुमोदन नाही तर ठराव पडणार. ठराव पडला तर चौदाही पोरं इथेच राहणार, तिसरीतल्या त्या अकरांसारखी, वाचनाच्या बाईविना. फेनस्टरनी दुसऱ्यांदा विचारलं. व्हर्लिन आर्लिसकडे बघत होता. त्याने हात जोडले नव्हते, पण चेहरा जोडलेला होता.

एका शब्दाने त्याला गावासमोर उघडा पाडता आला असता. शब्दसुद्धा नको होता, नुसतं गप्प बसलं तरी त्याची नात इथेच अडकली असती. तिला ते करावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. तिच्या डोळ्यांसमोर ती ओल्टमनची पोर होती, रोलवरची साखर आधी चाटून खाणारी, मग पाव टाकून देणारी.

"अनुमोदन," आर्लिस म्हणाली. "निदान चौदांना तरी वाचता येईल."

हात वर झाले. जोलीननेही शेवटी केला. इतिवृत्तात लिहिलं गेलं, अनुमोदक: श्रीमती बुर.

बाहेर दारापाशी व्हर्लिनने तिला गाठलं. टोपी हातात घेऊन म्हणाला, "उपकार झाले तुझे. पुढच्या वर्षी मकेनाचा अर्ज टाक. मी स्वतः ठराव मांडतो."

तिला थुंकावंसं वाटलं. पण ती फरशी तिने एकोणतीस वर्षं पुसली होती. "पुढच्या वर्षी तुझ्या नातीला वाचता येत असेल, व्हर्लिन," ती म्हणाली, "आणि माझी तुझ्या गुणफलकाकडे बघत बसलेली असेल."  ती गाडीकडे चालू लागली.

घरी ट्रॉय भांडी विसळत होता. मकेना झोपली होती. आर्लिसने कोट न काढताच खुर्चीवर बसून त्याला सगळं सांगितलं. करार पडला, लोवेल फिरला, ओल्टमनची पोर चालली, आपली राहिली. आपण तो अर्ज वेळेवर दिला नाही, ते तत्त्व आपण कुणासाठी पाळलं देव जाणे, असंही ती म्हणाली.  ट्रॉयने हात पुसले, तिच्यासमोर येऊन बसला आणि तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

"एकच वर्ष ना, आई," तो म्हणाला. "मी तर तेरा काढली."

आर्लिसने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो तिची समजूत काढत होता.